आण्णांच्या गळ्यातली पाटी

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज आण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, दहावा झाला. तेरणेच्या काठावर सकाळी नऊला पिंड ठेवला आणि साडेअकरापर्यंत कावळा शिवला नाही. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर सात-आठ जण बसून होते, आमच्या डेपोतल्या स्टाफसारखे. सगळे हजर, पण गाडी काढायला कुणी तयार नाही.

पहिला शब्द मी दिला, मायला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. मग माझी बहीण अयोध्या कळंबहून आलेली, ती पुढं झाली आणि म्हणाली, भावाशी कधी भांडणार नाही. तो शब्द कावळ्यांनाही खरा वाटला नसावा. राजेश्वरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, म्हैस विकणार नाही म्हणून सांगितलं. चुलत्यांनी, भाच्यांनी, ज्याला जे सुचलं ते कबूल केलं. भटजी घड्याळ बघत होते, त्यांना पुढं तुळजापूरला जायचं होतं. दर्भाचा कावळा करून शिवून टाकू म्हणाले. ते ऐकून मायनं जो हंबरडा फोडला, तो या दहा दिवसांत फोडला नव्हता. ह्यांचं मन कशात तरी अडकलंय, म्हणाली.

दहा दिवस झोप नाही, डोक्यावर ऊन, पोटात काही नाही. मी वैतागून म्हणालो, "आण्णा, तुमचा तो पिच्चर गावाला दाखवतो. मग तर झालं?"

एक कावळा उतरला आणि सरळ भातावर बसला. सगळ्यांनी हात जोडले. मी पण जोडले, पण खरं लिहायचं तर मला तेव्हाच कळलं की आता निस्तरायला मलाच लागणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तेरावा उरकला, आजपासून ड्युटी. धाराशिव-तेर, तेर-धाराशिव, सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत कुणीतरी विचारतं, "उत्तरेश्वर, आण्णाला काय झालं हुतं रं?" मी सांगतो, मेंदूत रक्तस्राव. दोन दिवस दवाखान्यात होते, तिसऱ्या दिवशी गेले. एवढं सांगेपर्यंत त्याचा थांबा येतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, यांना आधी कधी छोटा झटका येऊन गेला होता का. मी ठामपणे नाही म्हणालो. त्यांनी परत विचारलं तेव्हा मला रागच आला. वीस वर्षं कंडक्टर आहे. साठ माणसांच्या गाडीत कोण चढलं, कोण उतरलं, कोण तोंड लपवून मागं बसलं हे मला कळतं. घरातल्या माणसाचं कळणार नाही होय?

संध्याकाळी पिच्चरवाल्या कृष्णराजला फोन लावला. उचलला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. मायनं सकाळी चहा देताना विचारलं, पिच्चरचं काय झालं. दुपारी विचारलं. आता भाकरी करताना परत विचारलं. शब्द मी दिला, पण राखण ती करतेय.

हा पिच्चर काय आहे ते एकदा लिहून ठेवतो. आमच्या शिवशंकर गुरुजींचा मुलगा कृष्णराज पुण्यात सिनेमाचं शिकतो. एप्रिलमध्ये कॅमेरा आणि चार दोस्त घेऊन तो गावात आला. पिच्चरचं नाव 'उठा, मुडद्यांनो'. गोष्ट अशी की गावातली माणसं मरतात आणि परत उठून चालायला लागतात. तो त्यांना झोंबी म्हणतो, गावानं पहिल्या दिवशीच मुडदे करून टाकलं. पण नुसते मुडदे असते तर बरं होतं. पोरानं प्रत्येकाच्या गळ्यात पाटी अडकवली. हुंडा. मोबाईल. मटका. अंधश्रद्धा. जातिभेद. ह्या सगळ्या मुडद्यांपुढं गुरुजी धोतर नेसून उभे राहणार आणि भाषण करणार. गुरुजींनी मला चौथीला शिकवलंय. तेव्हाही ते असंच बोलायचे, फक्त मुडदे आम्ही होतो.

रक्तासाठी कुंकवाचं पाणी करू म्हणाला, तर बायकांनी त्याला घराबाहेर काढलं. मग बिटाचा रस केला. त्यावर एवढ्या माश्या बसायच्या की मुडद्यांना हात हलवावेच लागायचे.

आण्णा एकाहत्तर वर्षांचे. आयुष्यात कधी तमाशात शिट्टी वाजवली नाही असा माणूस. ते नुसते बघायला गेले होते. कृष्णराज बाकीच्यांना दोन दिवस चालायला शिकवत होता, पाय असा ओढा, हात असा सोडा. कुणाला जमेना. सिदू तर मुरळी नाचल्यासारखा चालायचा. तेवढ्यात आण्णा पारावरून उठून घराकडं निघाले आणि कृष्णराज ओरडला, "आजोबा, हेच चालणं! हेच ठेवा!" अशा रीतीनं आमचे आण्णा मुडदा झाले.

माय तेव्हा कळंबला होती, अयोध्येच्या सुनेच्या बाळंतपणाला. दीड महिना. घरात आम्ही तिघंच. मी ड्युटीवरून आलो की आण्णा ओसरीवर डावा पाय फरफटत चालून दाखवायचे. तोंड पण एका बाजूला ओढायचे. पहिल्यांदा मला जाम हसू आलं. हातातली पिशवी खाली ठेवून हसलो. मग ते रोजचंच झालं. जेवतानाही डावा हात लुळा टाकून बसायचे. एकदा तांब्या पडला, सगळं पाणी ताटात. एकदा सदऱ्याची गुंडी लागेना म्हणून मला हाक मारली. मी म्हणालो, मुडद्याला गुंड्या कशाला पाहिजेत. एक दिवस सहा फेऱ्या मारून आलेलो, डोकं फुटायची वेळ, तर हे बोलतानाही जीभ जड करून बोलायला लागले. मी म्हणालो, "आण्णा, आता नाटकं बंद करा." त्यांनी बंद केली. म्हणजे माझ्यासमोर चालायचंच बंद केलं. मी येईपर्यंत खाटेवर बसलेले असायचे.

माय आली तोवर शूटिंग संपलं होतं, ते पण पुष्कळ नीट चालायला लागले होते. एवढी हौस होती माणसाला. आम्हाला शेवटपर्यंत माहीत नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार

कृष्णराज धाराशिवला आला होता, मावशीकडं. सुट्टीच होती, जाऊन गाठलं. आधी त्यानं चहा पाजला, मग अर्धा तास समजावून सांगितलं की हा पिच्चर म्हणजे नुसती करमणूक नाही, आरसा आहे. मी म्हणालो असू दे, आरशात आमचे आण्णा दिसतात ना तेवढं दाखव. तेव्हा पोरगं खाली बघायला लागलं.

आण्णांचा भाग कापलाय. लांबी वाढत होती. गुरुजींचं हुंड्यावरचं भाषण साडेसहा मिनिटांचं होतं, त्यातलं वाक्यही काढता येईना, म्हणून आण्णा काढले. एकूण पिच्चर दोन तास दहा मिनिटांचा, त्यात आमच्या माणसाला एक मिनिट जागा नाही. मी त्याला सांगितलं की बाबा, दहाव्याला पिंडासमोर शब्द दिलाय, कावळा शिवलाय. तो म्हणाला, "काका, राग मानू नका, पण मी पिक्चर ह्याच्याच विरोधात काढलाय."

मी भांडलो नाही. भांडायला अंगात जीव पाहिजे. मी नुसता बसून राहिलो. डेपोत काम अडलं की मी असंच करतो, साहेबासमोर बसून राहायचं, शेवटी माणूस कंटाळतो. पाऊण तासानं कृष्णराज कंटाळला. आण्णांचा भाग परत जोडतो म्हणाला. पण अट घातली, गावात पिच्चर पूर्ण दाखवायचा. आण्णांपुरता दाखवून बंद करायचा नाही. एकही भाषण पुढं ढकलायचं नाही.

मी कबूल झालो. दोन तास दहा मिनिटं काय, तेर-धाराशिव दोन फेऱ्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

गावात कळलंय. येत्या चौदा तारखेला रविवारी दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत. पडदा शाळेचाच. खिडक्यांना ताडपत्र्या बांधायच्या म्हणजे अंधार होईल.

भावकीतल्या दोन बायका मायला सांगायला आल्या की वर्ष सरायच्या आत बाईमाणसानं खेळ-तमाशाला जाऊ नये. माय म्हणाली, "मी पिच्चरला न्हाय चालले. ह्यांना बघाया चालले." नंतर मला म्हणाली, तिच्याकडं आण्णांचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा, आणि त्यात ते चोरासारखे दिसतात. मी म्हणालो, माय, ह्यात मुडद्यासारखे दिसतील. म्हणाली, असू दे, चालतील-फिरतील तरी.

राजेश्वरी म्हणते मी झोपेत तिकिटं विचारतो. विचारत असेन.

१४ डिसेंबर, रविवार

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

दीडशे-दोनशे माणूस आलं होतं. अयोध्या कळंबहून आली. मायला पुढं खुर्ची दिली तर ती खाली सतरंजीवरच बसली, मी शेजारी. कृष्णराजनं आधी वीस मिनिटं प्रस्तावना केली. पिच्चर सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास मजेत गेला, कारण जो तो स्वतःला शोधत होता. सिदूच्या गळ्यात 'मटका' पाटी आली तेव्हा खोली डोक्यावर घेतली लोकांनी. सगळ्या पिच्चरमध्ये ती एकच पाटी बरोबर माणसाच्या गळ्यात होती.

मग भाषणं सुरू झाली. दर दहा मिनिटांनी गुरुजी वळून आमच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "हे खरे मुडदे नाहीत! खरे मुडदे तुम्ही आहात!" पहिल्यांदा लोक हसले, तिसऱ्यांदा जांभया आल्या. मोबाईलचे मुडदे आले तेव्हा अर्धी खोली मोबाईल काढून त्यांचंच शूटिंग करत होती. नदीकाठचा एक प्रसंग आला, लोक पिंडाभोवती उभे, गुरुजी विचारतात, पक्षी तुमच्या बापाचं मन कसं सांगेल. सगळ्या गावानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीचे दोरे मोजत बसलो. खरे गुरुजी मागं बाकावर बसले होते, ते ओठ हलवून स्वतःबरोबर बोलत होते.

दीड तास झाल्यावर आण्णा आले.

देवळाच्या बोळातून दहा-बारा मुडदे निघतात, त्यांत ते सगळ्यात मागं. अंगात तोच पट्ट्याचा सदरा, वरची गुंडी उघडी. तोंडाला मुलतानी माती. गळ्यात पाटी, 'आळस'. बाकीचे कॅमेऱ्याकडं चोरून बघतात, आण्णा बघत नाहीत. ते फक्त पायाखाली बघतात. उजवा पाय पुढं टाकतात, थांबतात, मग डावा ओढतात. धुळीत त्या पायाची रेघ उमटत जाते. डावा हात नुसता लोंबतोय, बोटं आत वळलेली. खोलीत कुणीतरी कौतुकानं 'वा' म्हणालं. आणि वरून गुरुजींचा आवाज, "हा पाहा आळस! ह्याच्या पायात बळ नाही असं नाही. ह्याच्या मनात इच्छा नाही!"

आण्णा चार वाजता उठून दोन म्हशींच्या धारा काढायचे. मेले त्या आठवड्यातही काढल्या होत्या.

मायनं माझं मनगट धरलं. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. पडद्याकडं टक लावून ती हळूच म्हणाली, "ह्ये सोंग न्हाय. ह्यांच्या अंगावरनं वारं गेलंय."

मी म्हणालो, माय, ते ॲक्टिंग आहे. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिचा बाप वारं जाऊन चार वर्षं अंथरुणात होता, तिनंच केलं त्याचं सगळं. ती म्हणाली, "तोंड बघ. डोळा बघ डावा. माती लावलीय म्हणून काय झालं?"

मग मी बघितलं. डावा डोळा अर्धा मिटलेला होता. ते तोंड ओढत नव्हते, ते ओघळलं होतं. एप्रिलमध्ये ओसरीवर माझ्यापासून पाच हातांवर ते तोंड रोज होतं आणि मी हसत होतो. तांब्या. गुंडी. जड जीभ. सगळं डोळ्यांसमोर होतं माझ्या. आणि डॉक्टरीणबाईंना मी दोनदा नाही म्हणालो. तेव्हाच तालुक्याला नेलं असतं, गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर कदाचित आण्णा आज ह्या सतरंजीवर बसून स्वतःला बघत असते. हे मी आता लिहितोय. तिथं कानात नुसता गाडीच्या इंजिनासारखा आवाज.

आण्णा पडद्यातून गेले आणि पुढचं भाषण सुरू झालं. शब्द दिला होता म्हणून आम्ही शेवटपर्यंत बसलो. संपल्यावर कृष्णराज मायच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजी, सगळ्यांत आजोबांचं काम नैसर्गिक झालंय." मायनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

१५ डिसेंबर, सोमवार

आजारी रजा टाकली. वीस वर्षांत खोटी रजा पहिलीच.

सकाळी शिवशंकर गुरुजी आले. अयोध्येनं मायचं वाऱ्याचं बोलणं काल कुणाला तरी सांगितलं, त्यामुळं गावभर झालंय. गुरुजी ओसरीवर बराच वेळ टेकले. म्हणाले, ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं, पोरानं दिलं, मी नुसतं म्हटलं. मग म्हणाले, म्हटलं ते म्हटलंच की. त्यांच्यावर रागवावं असं मला वाटेना. त्यांनी आण्णांना एक दिवस बघितलं, मी तीन आठवडे.

दुपारी कृष्णराजचा फोन आला, रडत होता. पाटी तेवढी काढता येत नाही म्हणाला, सगळा भागच काढून टाकतो. मी म्हणालो नको. आण्णांचं चालणं दुसरीकडं कुठं नाही.

मी दिवसभर मायसमोर जायचं टाळलं. पाणी प्यायलाही राजेश्वरीला हाक मारली. रात्री उद्याचं उत्तर तयार करून ठेवलंय. विचारलं तर सांगायचं, घरी ते नीट चालायचे, फक्त शूटिंगलाच तसं करायचे. एकदा सांगायचं आणि विषय मिटवायचा. तिचं वय झालंय, एवढं ओझं तिला कशाला.

१६ डिसेंबर, मंगळवार

ड्युटी सहा चाळीसची. माय डबा भरत होती. माझ्याकडं पाठ होती तिची.

"मी कळंबाला व्हते तवा ह्ये घरीबी असंच चालायचे?"

तयार केलेलं उत्तर तोंडात होतं. "व्हय," म्हणालो.

"किती दिस?"

"तीन आठवडे असंल."

"मग तू काय म्हणालास?"

सांगितलं. लपवलं नाही. आधी हसायचो म्हणालो. नंतर वैताग आला, नाटकं बंद करा म्हणालो. मग ते माझ्यासमोर चाललेच नाहीत. ती शिव्या देईल, निदान रडेल, असं मला वाटत होतं आणि दोन्हीपैकी काही झालं असतं तर बरं झालं असतं.

तिनं डब्याला फडकं बांधलं. गाठ नीट बसली नाही म्हणून सोडून परत बांधलं.

"हसायचास त्ये ठावं हाय मला," ती म्हणाली. "रोज फोनवर सांगायचे. उत्तरेश्वर कामावनं वाळून येतंय, मी मुडद्यावानी चालून दावतो, मग हसतंय पोरगं. लई खूश हुते." तिनं डबा माझ्या हातात दिला. "वैतागलास त्ये न्हाय सांगितलं कधी."

मग म्हणाली, जा, गाडी चुकंल.

मी गेलो.